बेल आयलंडची बुडालेली खनिजवाहू जहाजं : सांगली-साताऱ्याहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. धाकटा भाऊ नोकरीसाठी कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरात असतो. त्याच्याकडे दोन उन्हाळे गेले, तेव्हा जवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग केलं. परत येऊन ओळखीच्या मंडळींना फोटो दाखवले आणि तिथून जे प्रश्न सुरू झाले ते आजतागायत. सांगली, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, सगळीकडून. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी प्रशिक्षक नाही, हौशी डायव्हर आहे. बहुतेक जण खोलीबद्दल विचारतात. उत्तर देताना मी मात्र दर वेळी थंडीपाशी येऊन पोचते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

१. हे बेल आयलंड कुठं आलं आणि तिथं नेमकं काय बुडालंय?

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड हे मोठं बेट आहे. त्याच्या कन्सेप्शन बे या उपसागरात बेल आयलंड हे छोटं बेट. सेंट जॉन्सजवळच्या पोर्तुगाल कोव्ह गावाहून फेरीबोटीनं वीसेक मिनिटं लागतात. या बेटावर १८९५ साली लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या, त्या १९६६ साली बंद पडल्या. खणत खणत बोगदे पार समुद्राच्या तळाखाली गेले होते. निघालेलं खनिज जहाजात भरून नोव्हा स्कोशियातल्या सिडनी गावच्या पोलाद कारखान्याकडे जायचं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नेमकी हीच साखळी तोडायला घेतली. ५ सप्टेंबर १९४२ रोजी यू-५१३ या पाणबुडीनं नांगर टाकून उभी असलेली 'सागानागा' आणि 'लॉर्ड स्ट्रॅथकोना' ही दोन जहाजं बुडवली. दोन महिने होतात न होतात तोच, २ नोव्हेंबरच्या पहाटे, यू-५१८ आली आणि 'रोझ कॅसल' व 'पीएलएम-२७' तळाला गेली. एक टॉर्पेडो तर खनिज भरायच्या धक्क्यावरच जाऊन आदळला. चार जहाजांवरचे मिळून सत्तरच्या आसपास खलाशी गेले. 'लॉर्ड स्ट्रॅथकोना'ची माणसं तेवढी वाचली, कारण शेजारचं जहाज उडालेलं बघून ती आधीच होड्यांत उतरली होती.

यातली मला चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. युद्धाच्या आधी या खाणींचं मोठं गिऱ्हाईक जर्मनीच होतं. जर्मन जहाजं याच धक्क्याला लागून खनिज भरून न्यायची.

२. एवढं लांब जाऊन मालवाहू जहाज काय बघायचं? युद्धनौका वगैरे असती तर समजलं असतं.

हा प्रश्न माझ्या सख्ख्या काकांचा. माझे वडील जन्मभर फाउंड्रीत मोल्डर होते. लोखंड वितळवून साच्यात ओततात ते मी लहानपणी कुंपणाबाहेरून बघितलेलं. ते लोखंड खनिज असताना कसं प्रवास करतं, हे मला या जहाजांवर कळलं.

उसाची ट्रॉली मापानं भरते. काठाच्या वर चार हात ऊस रचला तरी ट्रॅक्टर ओढतो. खनिजाचं तसं नाही, ते वजनानं भरतं. एवढं जड असतं की जहाजाची पेलायची ताकद संपते तेव्हा खालचं गोदाम अर्धंही भरलेलं नसतं. वरती नुसती मोकळी हवा. टॉर्पेडोनं भोक पाडलं की त्या मोकळ्या जागेत पाणी घुसतं आणि जहाजाला तरंगायला शिल्लक काहीच उरत नाही. म्हणून ही जहाजं बघता बघता गेली, माणसांना अंगात कोट घालायलाही वेळ मिळाला नाही. गोदामाच्या तोंडाशी तरंगत खाली टॉर्च मारला की हा हिशेब डोळ्यांपुढं मांडलेला दिसतो. युद्धनौकेवर तोफा मोजून मोकळं व्हायला होतं. तशी तोफ इथंही आहे, स्वसंरक्षणासाठी मागच्या टोकाला बसवलेली.

३. मी मालवणला स्कुबा केलंय. थेट जाता येईल का?

नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जे करवतात त्यात सगळं काम प्रशिक्षक करतो. तुमची टाकी त्याच्या हातात, तुमची खोली त्याच्या हातात, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि फोटोसाठी अंगठा-तर्जनी जोडून खूण करायची. मजा असते, मीही तिथूनच सुरुवात केली. पण ते डायव्हिंगचं शिक्षण नव्हे.

क्रम असा: आधी ओपन वॉटर, म्हणजे १८ मीटरपर्यंतची परवानगी. मग ॲडव्हान्स्ड, ३० मीटरपर्यंत. हे दोन्ही तारकर्ली, गोवा, अंदमान इथं कोमट पाण्यात होतात. त्यानंतर ड्रायसूटचा वेगळा कोर्स, तो मात्र गार पाण्याच्या देशातच नीट होतो. नुसती कार्डं गोळा करून भागत नाही. पहिल्या गार पाण्याच्या डाइव्हआधी माझ्या वहीत साठेक डाइव्ह होते, तरी पहिले दोन दिवस मी नवशिक्यासारखी धडपडले. का, ते प्रश्न ७ मध्ये.

४. मी विहिरीत पोहायला शिकलोय, पाठीला डबा बांधून. पाण्याची भीती शून्य. तेवढं पुरणार नाही का?

भीती गेली ही मोठी कमाई आहे, तिला कमी लेखत नाही. डब्यावर नाहीतर पांगाऱ्याच्या बिंड्यावर शिकलेली पोरं पाण्यात शांत असतात, हे मी बघितलंय. पण विहिरीत मुटका मारणाऱ्याच्या अंगी एक सवय पक्की बसलेली असते: श्वास धरायचा आणि दम संपला की सुसाट वर यायचं. स्कुबात नेमकं हेच जिवावर बेततं. तुम्ही खाली दाबाखालची हवा घेतलेली असते. श्वास कोंडून वर आलात तर ती फुफ्फुसात फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम श्वास कधीही न धरण्याचा, आणि दुसरा मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर न येण्याचा. पट्टीच्या पोहणाऱ्यांना हे नव्यांपेक्षा जड जातं.

५. अजिबात पोहता येत नाही. चालेल?

आधी पोहायला शिका. मग बोलू.

६. पाणी किती गार असतं हो? आपल्या महाबळेश्वरएवढं?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. पण ती हवेची थंडी. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं, त्यामुळे तुलनाच होत नाही. वीस अंशांच्या हवेत आपण नुसत्या शर्टात फिरतो, वीस अंशांच्या पाण्यात तासाभरात दात वाजतात.

बेल आयलंडला जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी दहा-बारा अंश, कधी त्याहून थोडं जास्त. खाली जाता जाता एका पातळीला एकदम रेष ओढल्यासारखा फरक पडतो. डोळ्यांसमोरचं पाणी तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखं हलतं, आणि त्याच्या खाली तापमान दोन-तीन अंश. म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा गार. वसंतात तर शून्याच्याही खाली जातं, कारण खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. मे-जूनमध्ये त्या किनाऱ्यावरून ग्रीनलंडकडचे हिमनग वाहत जाताना दिसतात.

पाण्यात उघडे राहतात ते फक्त ओठ. पहिलं मिनिट ते भाजल्यासारखे दुखतात, मग बधिर होतात आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) तोंडात आहे की नाही तेच कळेनासं होतं. मी दोनदा हात लावून खात्री केली.

७. ड्रायसूट म्हणजे काय? आत खरंच कोरडं राहतं?

नेहमीच्या वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. दोन अंशांच्या पाण्यात ते पुरत नाही. ड्रायसूट पायमोज्यांपासून गळ्यापर्यंत एकसंध असतो. गळ्याला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी असते, तिला सील म्हणतात. आत रजईसारखे कपडे घालायचे. ऊब देतात ते हे कपडे आणि त्यात अडकलेली हवा. सूट फक्त पाणी बाहेर ठेवतो.

अवघड भाग पुढं आहे. खाली जाल तसा दाब वाढतो आणि सूटमधली हवा आकसते. सूट अंगाला चिमटे काढायला लागतो, म्हणून छातीवरचं बटण दाबून टाकीतली हवा आत सोडायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून बाहेर काढायची. हे विसरलात की फुगा होऊन वर जाता. त्याहून वाईट म्हणजे डोकं खाली आणि पाय वर झाले तर सगळी हवा पावलांत जमते, झडप राहते दंडावर, आणि माणूस उलटा टांगल्यासारखा पायांनी वर ओढला जातो. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं. हे तलावात पाच-पन्नास वेळा केल्याशिवाय समुद्रात हातून होत नाही.

शिवाय तेवढी हवा अंगाभोवती असल्यानं कमरेला वजनही कितीतरी जास्त बांधावं लागतं. मालवणला मला चार किलो पुरायचं, इथं चौदा लागलं. बोटीच्या शिडीवरून चढताना ते सगळं गुडघ्यांवर येतं.

८. मंगळसूत्र, बांगड्या, हातातला दोरा... सगळं काढावं लागतं का?

काढावंच लागतं. हे मी माझ्या अंगावरून सांगते.

आईनं औदुंबरहून आणलेला दोरा माझ्या डाव्या मनगटाला होता. सुतासारखा बारीक. "एवढ्याशानं काय होतंय," म्हणून मी तो राहू दिला आणि त्याच्यावरून सील ओढलं. अठरा मीटरला गेले तेव्हा मनगटाशी कुणी बर्फाची सुई टोचतंय असं वाटलं. पाच मिनिटांत ती सुई कोपरापर्यंत आली. दोऱ्याच्या शेजारी केसाएवढी फट उरली होती, तिच्यातून पाणी आत झिरपत होतं. आतली बाही भिजली की ऊब संपली. डावा हात मूठ वळेना, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह-कॉम्प्युटरचं बटण दाबता येईना. बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला, खूण केली आणि डाइव्ह तिथंच सोडला. दोन दिवस वाट बघून मिळालेली बोट होती.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग पायात बांधायचा." हे मात्र बरोबर आहे. पावलाला सील नसतं. गळ्यातलं मंगळसूत्र, चेन, कानातल्या लांब कुड्या, सगळं घरी. लांब केस असतील तर एकही बट गळ्याच्या सीलखाली अडकता कामा नये. पुरुषांची दाढी मास्कखाली आली की तोही गळतो.

९. विचारायला लाज वाटते, पण लघवीचं काय?

हा प्रश्न सगळ्यांना असतो, विचारतात फक्त रात्री अकरानंतर. गार पाण्यात शिरलं की हातापायांचं रक्त आत ओढलं जातं आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात, त्यामुळे लागतेच. वेटसूटमध्ये लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. ड्रायसूटमध्ये तसं केलंत तर प्रश्न ८ सारखी गत होईल. उपाय दोन: मोठ्यांचा डायपर, किंवा सूटला बसवलेली नळी-झडप. नळीची सोय बायकांसाठीही मिळते, पण जुळवायला किचकट. मी डायपरवाली. पाणी कमी पिणं हा मात्र उपाय नाही. शरीर सुकलं की नायट्रोजनचा त्रास (खाली दाबामुळे अंगात मुरलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे होऊन बाधतो तो) व्हायची शक्यता वाढते. पाळी असेल तरी डाइव्ह करता येतो.

१०. रेग्युलेटर गोठतो म्हणजे काय होतं? हवा बंद होते?

उलट. हवा बंद होत नाही, थांबतच नाही.

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की वॉल्व्ह बोटाला गार लागतो, तेच इथं मोठ्या प्रमाणात होतं. टाकीत २०० बारची हवा असते (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). रेग्युलेटरचा पहिला टप्पा तिचा दाब एकदम दहाएक बारवर आणतो. हवा फैलावते आणि कडाक्याची गार पडते. बाहेरचं पाणी आधीच दोन अंश, त्यामुळे झडपेच्या आसपास बर्फाचे कण धरतात आणि झडप उघडी राहून बसते. तोंडातून हवेचा लोंढा सुरू होतो. भरलेली टाकी काही मिनिटांत रिकामी होऊ शकते, आणि हवा जितकी जोरात धावते तितका बर्फ वाढतो. याला फ्रीफ्लो म्हणतात.

म्हणून १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी झालेला रेग्युलेटर लागतो. त्याच्या पहिल्या टप्प्यात पाणी शिरत नाही. टाकीला दोन वेगळ्या झडपा आणि त्यांवर दोन स्वतंत्र रेग्युलेटर असले तर बिघडलेली झडप बंद करून दुसऱ्यावर श्वास घेता येतो. बाकीच्या सवयी: टाकीतली हवा कोरडी हवी, बोटीवर उगाच रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघायचा नाही, त्याचं बटण दाबायचं नाही, सूट आणि तरंगण्यासाठीच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये एकाच वेळी हवा भरायची नाही. बोटीवरच्या कोरड्या, झोंबऱ्या वाऱ्यात तोंडातली वाफ झडपेवर बसते आणि पाण्यात शिरल्या शिरल्या गोठते.

आणि फ्रीफ्लो झालाच तर? तोंडातून काढून टाकायचा नाही. ओठ थोडे सैल सोडायचे, जादा हवा बाजूनं जाऊ द्यायची, हवी तेवढी घोटाघोटानं घ्यायची, बडीला गाठायचं आणि ठरल्या वेगानंच वर यायचं. सराव तलावात करा. मला माझ्या प्रशिक्षिकेनं न सांगता मागून बटण दाबून दोनदा करायला लावला होता. तेव्हा राग आला होता.

११. एका टाकीत किती वेळ मिळतो?

हिशेबच करून दाखवते. १२ लिटरची टाकी, २०० बार, म्हणजे २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागते असं धरू. दर १० मीटरला एक बार दाब वाढतो, म्हणजे २५ मीटरवर एकूण साडेतीन बार. तिथं मिनिटाला ७० लिटर लागणार. गार पाण्यात मी ७० बार राखीव धरते, म्हणजे ८४० लिटर बाजूला. उरले १५६०. भागिले ७०, बावीस मिनिटं. त्यातच खाली जाणंही आलं. धाप लागली तर आणखी कमी, आणि थंडीत धाप लागते.

दुसरी मर्यादा नायट्रोजनची. साध्या हवेवर ३० मीटरला साधारण २० मिनिटांच्या वर थांबलात की वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबणं सक्तीचं होतं. एरवीही ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचंच. गंमत अशी की थंडी सगळ्यात जास्त तिथं लागते, कारण हालचाल नसते. खाली ऊब असताना शरीरानं नायट्रोजन घेतलेला असतो आणि वर येताना गारठलेलं शरीर तो सोडायला कुरकुरतं. म्हणून कॉम्प्युटर जेवढं म्हणतो त्याच्याही अलीकडे वर निघायचं.

१२. चारांपैकी कुठलं जहाज आधी बघावं? 'रोझ कॅसल' सगळ्यात चांगलं आहे ना?

सर्वांत उथळ 'पीएलएम-२७'. तळ साधारण ३० मीटरवर, वरचे भाग त्याहून बरेच उथळ. सुरुवात इथूनच. नाव विचित्र वाटतं, कारण ते पॅरिस-लियाँ-भूमध्य या फ्रेंच रेल्वे कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलंय. मग 'सागानागा', मग 'लॉर्ड स्ट्रॅथकोना'. या दोन्हींचा तळ तीस ते चाळीस मीटरांच्या दरम्यान.

'रोझ कॅसल' सर्वांत अखंड आहे हे खरं, तिची रेडिओची खोली फोटोंमुळे प्रसिद्ध आहे. पण तिचा तळ चाळिशीच्या खाली जातो, आणि हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटरवर संपते. तिथं वेगळे वायू, जादा टाक्या, टप्प्याटप्प्यानं वर येण्याचं तांत्रिक प्रशिक्षण लागतं. मी तिच्यावर उतरलेले नाही. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सनं (म्हणजे ऑक्सिजन वाढवून ३२ टक्के केलेल्या हवेनं) जमेल का, असं एकानं विचारलं होतं. उलट त्याची सुरक्षित हद्द ३३ मीटरच्या आसपास संपते. त्याखाली जादा ऑक्सिजनच विषारी ठरतो. शिवाय ३० मीटरपुढं नायट्रोजनची झिंग चढते. आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. ते वाटलं की वर यावं.

१३. जहाजाच्या आत शिरता येतं का?

प्रशिक्षण आणि दोरीची रीळ असल्याशिवाय नाही. आठ दशकं गंजलेलं लोखंड आहे. तुमचे बुडबुडे छताला लागले की गंजाची पापुद्री झडायला लागते, खाली गाळ बसलेला, एक फिन चुकीची मारली की हाताचा पंजा दिसेनासा होतो. आत जाणारे टाकीचे तीन भाग करतात, एक जायला, एक यायला आणि एक अडचणीसाठी. फ्रीफ्लो (प्रश्न १०) आतमध्ये झाला तर डोक्यावर पाणी नाही, पोलाद असतं.

मोकळ्या गोदामाच्या तोंडावरून खाली बघणं हे आत शिरणं नव्हे, ते सगळेच करतात. खरं सांगायचं तर बाहेरच बघण्यासारखं जास्त आहे. कठडे, शिड्या, दोरखंड गुंडाळायची यंत्रं, सगळ्यांवर पांढरे-केशरी फुलकोबीसारखे समुद्रफुलांचे गड्डे उगवलेत, रिकामी जागा म्हणून नाही. जवळ टॉर्च नेला की एकेक गड्डा आपल्या झालरी मिटून घेतो.

१४. आठवण म्हणून एखादा खिळा, खनिजाचा खडा आणला तर?

नाही. सापडलेली वस्तू सरकारी अधिकाऱ्याला कळवणं तिथल्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि तो भाग सोडला तरी ही माणसांची थडगी आहेत. बेटावर लान्स कोव्हला खलाशांचं स्मारक आहे, तिथं जाऊन या. आठवण हवी असेल तर बेटावरचं खाण-संग्रहालय बघा, जुन्या खाणीत उतरवून दाखवतात.

१५. सांगली-साताऱ्यात सराव कुठं करायचा? कृष्णेत?

कृष्णेत पोहणं वेगळं. पात्रात मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर सगळ्यांनी बघितलेल्या. आणि मगर नसती तरी पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. आयर्विन पुलावरून उडी मारणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांना ते माहीत असूनही ते उडी मारतात.

कोयनेच्या जलाशयाबद्दल साताऱ्याचे लोक हमखास विचारतात. ते धरण आहे, परवानगीशिवाय उतरायचं नाही. शिवाय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात डाइव्हची गणितं बदलतात, त्याचं वेगळं शिक्षण लागतं.

मग उरतो जलतरण तलाव, आणि तो पुरेसा आहे. डोळे मिटून मास्क काढणं-घालणं, जाड हातमोजे घालून बकला उघडणं, न हलता एका जागी तरंगणं. शेतातल्या मळणीच्या वेळी घालतात तसले जाड मोजे घालून मी घरी बादलीत बकला लावायचा सराव केला. सासूबाई येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

१६. मालवणला दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून घरी आलो. हे चालतं ना?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि आपल्याकडच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं: एकच साधा डाइव्ह असेल तर १२ तास, अनेक डाइव्ह असतील तर १८, सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून जास्त. पण गाडीही उंचीवर जाते हे कुणी धरत नाही. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. खुद्द सांगली साडेपाचशे मीटरच्या घरात, सातारा सातशेच्या वर. म्हणजे आपल्याला घरी येणं हेच उंचीवर जाणं आहे.

उथळ पाण्यात पंधरा मिनिटं पर्यटक म्हणून जाऊन आलात तर धोका फारच थोडा. पण ओपन वॉटरचा कोर्स करताना दिवसाला तीन-तीन डाइव्ह केले असतील तर ती रात्र किनाऱ्यावरच काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी निघा. घाट चढताना सांधे ठणकले, मुंग्या आल्या, भयंकर थकवा आला तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. गाडी वळवून खाली आणा, ऑक्सिजन मिळवा, डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं आवर्जून सांगा. दाबकक्ष (या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) असलेलं रुग्णालय जवळ नसतं, मुंबईला नौदलाच्या 'अश्विनी'मध्ये आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमा काढला की अशा वेळी फोनवर सल्ला मिळतो.

१७. बीपीची गोळी चालू आहे. दमा आहे. वय ५४. जमेल?

वय आडवं येत नाही. बीपी आणि दमा येतात. गार पाण्यात शिरल्या शिरल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वर जातं. बीपी असणाऱ्यांच्या फुफ्फुसात अशा वेळी पाणी साचल्याची उदाहरणं आहेत. दम्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते प्रश्न ४ मध्ये लिहिलंय. त्यामुळे डॉक्टरांची लेखी परवानगी हवी, आणि तीही डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांची. फॉर्मवर "नाही, नाही, नाही" अशा खुणा मारून मोकळे होऊ नका. चारातल्या एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मतःचं छोटं छिद्र राहिलेलं असतं. एरवी त्याचा त्रास नसतो, पण नियम पाळूनही वारंवार नायट्रोजनचा त्रास झाला तर डॉक्टर ते तपासतात.

१८. चष्मा आहे.

नंबरचा मास्क मिळतो. मऊ लेन्सही चालतात.

१९. शार्क?

मला दिसला नाही. जेलीफिश दिसतात, सिंहाच्या आयाळीसारख्या. ओठांना लागल्या तर झोंबतात. उन्हाळ्यात देवमासे उपसागरात येतात. एकदा खाली असताना त्याचा आवाज ऐकू आला, कुठून ते कळेना, बरगड्यांत घुमला.

२०. खर्च किती येतो आणि कधी जावं?

मोसम जून ते सप्टेंबर. खर्चाचा मोठा भाग विमान आणि व्हिसा, त्याखालोखाल राहणं. बोट आणि टाक्या हा त्यातला लहान हिस्सा. ड्रायसूट विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या, पण मापाचा आहे का ते आधी घालून बघा. आपल्या बायकांच्या मापाचे सूट कमी असतात, मला बूट दोन नंबर मोठे मिळाले आणि त्यांत हवा जमायची. किमान आठ दिवस हातात ठेवा. वारा सुटला की बोट जात नाही, आणि तिथं वारा सुटतोच. उन्हाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात बरोबर आठ तासांचा फरक असतो, कारण आपल्यासारखी अर्ध्या तासाची वेळ त्यांचीही आहे. घरी फोन करायला सोपं जातं.

२१. आपल्याकडेच असं जहाज नाही का?

गार पाण्यातलं नाही. कोमट पाण्यात गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ जुने अवशेष आहेत. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ, २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्यानं हाती घेतलाय. आपल्याला घाट उतरला की पोचण्यासारखं. मुद्दाम स्वच्छ करून बुडवलेलं जहाज आणि माणसांसकट गेलेलं जहाज यांत फरक आहे, पण शिकायला पहिलं केव्हाही चांगलं.

२२. बोटीवर खायला काय न्यावं?

दोन डाइव्हच्या मध्ये तासभर बोटीवर काढावा लागतो आणि तेव्हाच शरीर सगळ्यात जास्त गारठतं. गरम पाण्याचा थर्मास, लोकरी टोपी, आणि पटकन तोंडात टाकता येईल असं काहीतरी. दारू नाही; ऊब आल्यासारखं वाटतं आणि उष्णता बाहेर जाते. मी भडंग नेलं होतं, कोरड्या पिशवीत, लसूण जरा जास्त घातलेलं. बोटीच्या तांडेलानं मूठभर घेतलं, खोकला, पाणी प्यायला आणि दुसरी मूठ मागितली. पुढच्या वर्षी जाताना भावानं फोन करून सांगितलं, त्याच्यासाठी वेगळं पाकीट आण.